सेकंडहँड लॅपटॉप सारखा नेटवर्कचा पासवर्ड मागतोय? आधी विचारणारा कोण ते ओळखा



मागच्या वर्षी ऐन प्रवेशांच्या धावपळीत कराडहून माझ्या मामेबहिणीचा फोन आला. मामाने तिच्यासाठी पुण्यातल्या एका दुकानातून साडेचौदा हजारांना सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता आणि मुदत सोमवारपर्यंतच होती.

"दादा, हा चालू केला की कुठल्यातरी कंपनीचा पासवर्ड मागतोय. मग आत गेलं की अजून एक चौकट येते, ती पण पासवर्ड मागते. दुकानदार म्हणाला, कॅन्सल दाबायचं आणि वापरायचं. दाबू का? की माझा जीमेलचा पासवर्ड टाकून बघू?"

मी आधी एवढंच सांगितलं, "तुझा पासवर्ड कुठेही टाकू नकोस. शनिवारी येतोय मी."

त्या शनिवार-रविवारी मी चार पासवर्ड-चौकटी काढून टाकल्या आणि पाचवीपुढे हात टेकले. ती पाचवी चौकट माझ्याच उत्साहामुळे समोर आली. तुम्हीही जुना लॅपटॉप घेतला असेल किंवा घेणार असाल, तर माझी ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख. लॅपटॉप विंडोज १० किंवा ११ वर चालणारा आहे असं इथे धरलंय. मेनूतली नावं व्हर्जननुसार थोडी मागेपुढे असू शकतात.

मोबाइलवरून समजून घेऊ

सेकंडहँड फोन घेऊन रिसेट केला आणि त्याने आधीच्या मालकाचं गूगल अकाउंट मागितलं, असं तुमच्यापैकी कुणासोबत तरी झालं असेलच. याला फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन म्हणतात. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, ही सोय आहे. फोन चोरून रिसेट केला तरी चोराला वापरता येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

आता याच फोनवर एखादं जुनं ॲप उघडलं आणि त्याने लॉग-इन मागितलं, तर आपण घाबरतो का? नाही. ॲप काढून टाकतो, विषय संपतो.

म्हणजे पासवर्ड दोन्हीकडे मागितला जातो, पण विचारणारा वेगळा असतो. पहिल्या वेळी "हा फोन तुझा आहे का?" असा प्रश्न असतो. दुसऱ्या वेळी "माझ्या सर्व्हरवर तुझं खातं आहे का?" एवढंच विचारलेलं असतं. लॅपटॉपचंही अगदी असंच आहे.

ही भानगड तशी जुनी आहे. विंडोज ९८ च्या काळात कॉम्प्युटर सुरू झाला की नेटवर्क पासवर्डची चौकट यायची आणि एस्केपचं बटण दाबलं की सरळ डेस्कटॉप उघडायचा. कारण ती चौकट कॉम्प्युटरला लावलेलं कुलूप नव्हतीच. नेटवर्कवर जायचं असेल तर ओळख सांगा, नाहीतर नेटवर्कशिवाय वापरा, इतकाच तिचा अर्थ होता. आज मात्र प्रत्येक चौकट अशी निरुपद्रवी नसते.

ऑफिसचा लॅपटॉप घरी येताना काय काय घेऊन येतो?

बाजारातले बरेचसे स्वस्त आणि दणकट सेकंडहँड लॅपटॉप हे कंपन्यांनी वापरून विकलेले असतात. कंपनी ते एकगठ्ठा विकते, मग ते व्यापाऱ्याकडून दुकानात आणि दुकानातून आपल्याकडे येतात. मधल्या कुणीतरी डिस्क पूर्ण पुसून नवीन विंडोज टाकणं अपेक्षित असतं. पण घाईत काही जण फक्त एक नवीन लोकल अकाउंट बनवतात, डेस्कटॉपवरचा कचरा उडवतात आणि पुसून-बिसून लॅपटॉप काचेच्या कपाटात ठेवतात.

मामाच्या लॅपटॉपचं हेच झालं होतं. 'यूजर' नावाचं अकाउंट होतं, त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. बाकी आत सगळी कंपनी जशीच्या तशी नांदत होती.

हात घालण्याआधी तीन गोष्टी

पहिली, प्रत्येक चौकटीचा मोबाइलवर फोटो काढा. चौकटीच्या वरच्या पट्टीवर प्रोग्रामचं नाव किंवा सर्व्हरचा पत्ता असतो. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

दुसरी, तुमचं अकाउंट खरंच ॲडमिनिस्ट्रेटर आहे ना ते बघा. सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो इथे नावाखाली तसं लिहिलेलं असतं. आणि त्याचा पासवर्ड चालतोय याची खात्री करा. ही पायरी सोडली तर पुढे आपणच बाहेर अडकू शकतो.

तिसरी, डिस्कवर बिटलॉकर चालू आहे का ते बघा. स्टार्टमध्ये 'मॅनेज बिटलॉकर' शोधलं की कळतं. चालू असेल आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्याकडे नसेल, तर एखाद्या बदलानंतर लॅपटॉप ती की मागून अडून बसू शकतो. आत शिरता येतंय तोवर बिटलॉकर बंद करून घ्या, डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या, मगच पुढे जा.

पहिली चौकट: लॉग-इनच्या पडद्यावर कंपनीचं नाव

लॅपटॉप सुरू झाला की कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबायला सांगायचा. मग 'अदर यूजर' आणि खाली 'साइन इन टू' करून कंपनीचं नाव. याचा अर्थ लॅपटॉप अजून कंपनीच्या डोमेनमध्ये आहे.

डोमेन म्हणजे कंपनीच्या सगळ्या कॉम्प्युटर्सची एक मध्यवर्ती हजेरीवही. कोण आत येणार, कुणाचा पासवर्ड काय, हे एका सर्व्हरवर ठरतं. सर्व्हर जवळ नसेल तर जुन्या कर्मचाऱ्याला प्रवासातही लॉग-इन करता यावं म्हणून विंडोज शेवटच्या काही जणांच्या लॉग-इनची नोंद स्वतःजवळ ठेवतं. मूळ सेटिंग दहा जणांचं असतं. म्हणजे मामाच्या घरातल्या लॅपटॉपवर कंपनीतला एखादा जुना कर्मचारी आपल्या जुन्या पासवर्डने आजही आत शिरू शकला असता! आमची मामी म्हणाली, "म्हणजे घर विकलं, पण चावी त्यांच्याकडेच." अगदी बरोबर.

आत शिरण्यासाठी युक्ती सोपी आहे. यूजरनेमच्या जागी आधी एक डॉट, मग बॅकस्लॅश आणि मग लोकल अकाउंटचं नाव टाका. त्यातून विंडोजला कळतं की डोमेनमधलं नाही, याच मशीनवरचं अकाउंट हवंय.

आत गेल्यावर डोमेनमधून बाहेर पडायचं असं:

१. स्टार्टमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधून उघडा.
२. वरच्या 'कॉम्प्युटर नेम' टॅबवर जा आणि 'चेंज' दाबा.
३. 'मेंबर ऑफ' खाली डोमेनऐवजी 'वर्कग्रुप' निवडा आणि नाव म्हणून इंग्रजीत वर्कग्रुप हाच शब्द टाका.
४. विंडोज इशारा देईल की यापुढे लोकल ॲडमिनचा पासवर्ड लागेल. तो आपण आधीच तपासलाय.
५. मग नाव-पासवर्ड मागेल. लोकल ॲडमिनचाच द्या. कंपनीचा सर्व्हर सापडत नसल्याने तिथली नोंद बंद करता आली नाही असा संदेश आला तर घाबरू नका, आपला लॅपटॉप बाहेर पडलेला असतो.
६. रिस्टार्ट करा.

रिस्टार्ट झाल्यावर कंपनीचं नाव गेलं आणि लॉग-इनही पटकन व्हायला लागलं. आधी बिचारा लॅपटॉप दरवेळी कराडमध्ये बसून कंपनीचा सर्व्हर शोधत होता.

दुसरी चौकट: डेस्कटॉप उघडताच यूजरनेम-पासवर्ड

बहिणीने जिचा फोटो पाठवला होता ती हीच. वरच्या पट्टीवर नाव नीट वाचलं तर तो एका व्हीपीएनचा प्रोग्राम होता. कर्मचारी घरून काम करताना कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरतात तो हा रस्ता. प्रोग्राम सगळ्या अकाउंट्ससाठी इन्स्टॉल केलेला असल्याने नवीन 'यूजर' अकाउंटवरही आपोआप सुरू व्हायचा.

सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे जाऊन तो अनइन्स्टॉल केला. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि 'स्टार्टअप' टॅबमध्ये कंपनीच्या नावाचं किंवा अनोळखी असं अजून काय सुरू होतंय ते पाहिलं. इथे डिसेबल केलेली गोष्ट पुन्हा चालू करता येते, त्यामुळे शंका असेल तर लगेच डिलीट करू नका, आधी डिसेबल करा. साउंड, टचपॅड, ग्राफिक्स यांच्या नोंदी मात्र राहू द्या.

एक गंमत लक्षात ठेवा. चौकट एकाच अकाउंटवर येत असेल तर तिचं मूळ त्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये असतं. नवीन कोरं अकाउंट बनवूनही ती येत असेल तर मूळ सगळ्यांसाठी लावलेल्या प्रोग्राममध्ये असतं. दोन मिनिटांची ही चाचणी बराच शोध वाचवते.

तिसरी चौकट: काळी खिडकी आणि नेटवर्क ड्राइव्ह

व्हीपीएन गेल्यावर एक काळी खिडकी दिसायला लागली. सुरुवातीला उघडायची, थोडा वेळ अडकायची, नेटवर्कचा पाथ सापडला नाही म्हणायची आणि बंद व्हायची. ही कंपनीची एक छोटी स्क्रिप्ट होती. सर्व्हरवरचे फोल्डर झेड, वाय अशा नावांच्या ड्राइव्हसारखे जोडून देणं हे तिचं काम. ती टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत सापडली. उजवं क्लिक करून फाइलची जागा उघडली, नोटपॅडमध्ये वाचून खात्री केली आणि उडवली.

तुमच्याकडे 'धिस पीसी'मध्ये लाल फुलीचे ड्राइव्ह दिसत असतील तर त्यांच्यावर उजवं क्लिक करून 'डिस्कनेक्ट' करा. सगळे नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत, ही सूचना त्यांच्यामुळेच येते. मग कंट्रोल पॅनेलमधलं 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडा. तिथे 'विंडोज क्रेडेन्शियल्स'खाली जुन्या सर्व्हरची साठवलेली नावं-पासवर्ड असतील तर काढून टाका.

चौथी चौकट: ब्राउझर उघडला की लॉग-इन

आता इंटरनेट. कुठलीही साइट उघडायला गेलं की आधी एका भलत्याच पानावर जाऊन ऑफिसचा ईमेल मागितला जायचा. हे काम प्रॉक्सीचं. कंपनीतलं सगळं इंटरनेट एका मधल्या सर्व्हरमधून जातं, म्हणजे कोण काय बघतंय यावर नियंत्रण राहतं. हा मधला सर्व्हर क्लाउडवर असेल तर तो घरूनही लॉग-इन मागतो. कंपनीच्या आतच असेल तर घरी नेट चालतच नाही, आणि आपण उगाच वायफायला शिव्या देतो.

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी इथे जा. 'यूज सेटअप स्क्रिप्ट' आणि 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' दोन्ही बंद करा. ते बंद करूनही पुन्हा चालू होत असेल, किंवा क्रोमच्या मेनूत सर्वांत खाली ब्राउझर तुमच्या संस्थेकडून मॅनेज होतोय असं दिसत असेल, तर कंपनीची पॉलिसी अजून मशीनमध्ये आहे. डोमेन सोडलं तरी काही पॉलिसी मागे उरतात. ते एकेक करून खरवडत बसण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकणं परवडतं.

वर्ड, एक्सेल, आउटलुक असे प्रोग्राम ऑफिसचा ईमेल मागत असतील तर सेटिंग्ज, अकाउंट्स, 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' इथे बघा. जुनं खातं जोडलेलं असेल तर 'डिस्कनेक्ट'. पण मशीनच कंपनीच्या क्लाउड खात्याला जोडलेली असेल, तर इथेही डिस्कनेक्ट करण्याआधी तुमचं लोकल ॲडमिन अकाउंट तयार हवं.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता लॅपटॉप अगदी शहाण्यासारखा सुरू झाला. एकही चौकट नाही. मामाने चहा टाकायला सांगितला. मी तिथेच थांबायला हवं होतं.

आणि मग मी रिसेट दाबलं

सी ड्राइव्हमधलं यूजर्स फोल्डर उघडलं तर आधीच्या दोन कर्मचाऱ्यांच्या नावाचे फोल्डर तसेच होते. त्यात काय आहे ते मी पाहिलं नाही, तुम्हीही पाहू नका. कुणाचे पगाराचे कागद असतील, कुणाचे घरचे फोटो. पण असा लॅपटॉप बहिणीच्या हातात देणं पटेना. शिवाय विंडोजचं लायसन्स तपासलं तर तेही कंपनीचंच होतं. अशा प्रकारचं लायसन्स कंपनीच्या सर्व्हरकडून १८० दिवसांसाठी मिळतं आणि पुन्हा तिथूनच वाढवून घ्यावं लागतं. म्हणजे काही महिन्यांनी 'ॲक्टिव्हेट विंडोज' येणारच होतं.

म्हटलं, करूया स्वच्छ. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'रिसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. रात्री जेवणं झाल्यावर लावून दिलं.

रिसेट झालं. भाषा निवडली, कीबोर्ड निवडला, घरचं वायफाय जोडलं. विंडोजने थोडा वेळ अपडेट तपासलं आणि पडद्यावर त्याच कंपनीचं नाव आलं. खाली संस्थेचा ईमेल टाकायची चौकट. कॅन्सल नाही, स्किप नाही.

बहीण शेजारीच उभी होती. "दादा, मघाशी तर चालत होता ना?"

पाचवी चौकट: ही आपण काढायची नसते

याला विंडोज ऑटोपायलट म्हणतात. कंपनी आपल्या प्रत्येक लॅपटॉपची हार्डवेअरवरून बनलेली ओळख मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर स्वतःच्या खात्यात नोंदवून ठेवते. त्या नोंदीतला लॅपटॉप रिसेट होऊन इंटरनेटला जोडला गेला की विंडोज ती यादी बघतं आणि सांगतं, हा अमुक कंपनीचा आहे, त्यांच्या खात्याने आत या.

पहिल्या चार चौकटींचं मूळ लॅपटॉपच्या आत होतं. कुठलं तरी सेटिंग, कुठला तरी प्रोग्राम. हिचं मूळ लॅपटॉपमध्ये नाहीच. म्हणून फॉरमॅट करा, नवीन विंडोज टाका, हार्डडिस्क बदला, नोंद जिथल्या तिथे राहते. ती काढायचा हक्क नोंद करणाऱ्या संस्थेचा. ॲपलच्या मॅकवर ॲक्टिव्हेशन लॉक किंवा कंपनीच्या नोंदणीचा पडदा येतो, त्याचंही तत्त्व हेच.

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, सोपं आहे. नेट न जोडता सेटअप करा, काही विचारत नाही."

असे मार्ग फिरत असतात हे मला माहीत आहे. पण मी तो घेतला नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. एक तर नोंद राहतेच. दोन वर्षांनी, ऐन सबमिशनच्या आदल्या रात्री विंडोज बिघडलं, रिसेट करून नेट जोडलं की हाच पडदा पुन्हा समोर. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, ही चौकट मालकीचा प्रश्न विचारतेय. कंपनी विकताना नोंद काढायला विसरली असेल किंवा लॅपटॉप चोरीचा असेल. पडद्याकडे बघून यातलं खरं काय ते आपल्याला कळत नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला जागा असताना, तो अप्रामाणिकपणे घेणं किंवा ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. अठरा वर्षांच्या मुलीच्या कॉलेज लॅपटॉपवर असली टांगती तलवार कशाला?

माझी चूक रिसेट करणं ही नव्हती. ती चौकट कधीतरी येणारच होती. चूक ही, की फॉर्मची मुदत डोक्यावर असताना, दुसरी सोय न बघता मी चालू मशीन मोकळी केली. रविवारी सकाळी तिने माझ्या लॅपटॉपवरून ऑप्शन फॉर्म भरला आणि कन्फर्म केला. मी आणला नसता तर आम्ही रविवारच्या दिवशी कराडभर सायबर कॅफे शोधत फिरलो असतो.

मग काय केलं?

बिलावर सात दिवसांत बदलून मिळेल असं छापलेलं होतं आणि लॅपटॉपचा सीरियल नंबरही होता. सोमवारी मी पुण्यात दुकानात गेलो. पडद्याचा फोटो दाखवला आणि दोनच पर्याय दिले: कंपनीकडून नोंद काढून आणा किंवा लॅपटॉप बदलून द्या. दुकानदाराने व्यापाऱ्याला फोन लावला. लॉट रीतसर लिलावात घेतला होता, त्याचा कागद व्हॉट्सॲपवर आलाही. म्हणजे नोंद काढायला कंपनी विसरली असण्याची शक्यता जास्त होती. पण ती कधी निघेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. शेवटी त्याने दुसरा लॅपटॉप दिला.

तो मात्र मी काउंटरवरच रिसेट करायला लावला आणि माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पहिला सेटअप पूर्ण केला. सव्वा तास गेला. दुकानदार वैतागला, चहा पण नाही विचारला. पण या वेळी पडद्यावर फक्त "तुमचं नाव काय ठेवायचं?" एवढंच आलं.

घेण्याआधी काउंटरवर काय बघाल?

१. लॅपटॉप समोर रिसेट करायला सांगा आणि सेटअपच्या वेळी इंटरनेट नक्की जोडा. नेट न जोडता केलेली चाचणी ही चाचणीच नाही. वेळ नसेल तर निदान पहिल्या सेटअपच्या पडद्यावर नेट जोडून बघा.

२. लॅपटॉप चालू अवस्थेत मिळाला तर कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत सलग डी, एस, आर, ई, जी, सी, एम, डी टाइप करा, एक स्पेस द्या, मग स्लॅश आणि त्याला जोडून स्टेटस. वरच्या भागात 'अझूर एडी जॉइंड' आणि 'डोमेन जॉइंड' यांच्यापुढे 'नो' हवं. पण दोन्हीकडे 'नो' असलं तरी ऑटोपायलटची नोंद असू शकते, म्हणून पहिली चाचणी सोडू नका.

३. सुरू करताना बायोसमध्ये जाऊन बघा. तिथे पासवर्ड मागितला तर तो दुकानदाराकडून काढून घ्या, नाहीतर लॅपटॉप ठेवून या.

४. बिल घ्या. त्यावर सीरियल नंबर, तारीख आणि बदलून देण्याची मुदत लिहिलेली हवी. लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा नंबर बिलाशी जुळवा.

५. विंडोज ११ चालतं का विचारा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ११ साठी टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा.

सगळं ठीक निघालं तरी घरी आल्यावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाका. पहिल्या चार चौकटींचा प्रश्न त्यातून एका फटक्यात सुटतो.

सेकंडहँड मोबाइल घेत असाल तर अजून एक सोय आहे. स्टार-हॅश-०६-हॅश डायल करून आयएमईआय नंबर बघा आणि संचार साथी पोर्टलवर तो तपासा. ब्लॅकलिस्ट झालेला किंवा आधीच वापरात असलेला दाखवला तर घेऊ नका. लॅपटॉपला असा नंबर नसतो, म्हणूनच तिथे बिल आणि रिसेटची चाचणी यांना इतकं महत्त्व.

आणि तुम्ही विकाल तेव्हा

कधीतरी तुमचा फोन किंवा लॅपटॉपही कुणाच्या तरी मामेबहिणीच्या हातात जाणार आहे. फोन रिसेट करण्याआधी सेटिंग्जमधून गूगल अकाउंट काढा. आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करा. लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या डिव्हाइसच्या यादीतून काढा आणि डिस्क पुसून द्या. तुमची पाच मिनिटं समोरच्याचा अख्खा शनिवार-रविवार वाचवतात.

बहीण आता सेकंड इयरला आहे, लॅपटॉप अजून मस्त चालतोय. परवा तिच्या रूममेटने जुना लॅपटॉप घ्यायचं ठरवलं, तेव्हा ही दुकानात सोबत गेली आणि स्वतःचा हॉटस्पॉट चालू करूनच काउंटरवर उभी राहिली म्हणे.